कॉइलची लांबी कुठे लिहिली आहे?

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलं की एफएम ट्रान्समीटरचं एक टेबल हमखास असतं. पुठ्ठ्यावर चिकटवलेलं सर्किटचं छापील चित्र, समोर नऊ व्होल्टची बॅटरी, एक ट्रान्झिस्टर, तांब्याच्या तारेची बोटाच्या पेराएवढी कॉइल आणि शेजारी घरून आणलेला रेडिओ. मुलगा माईकपाशी तोंड नेऊन 'हॅलो हॅलो' म्हणतो आणि तोच आवाज रेडिओतून येतो. बघणारी मंडळी टाळ्या वाजवतात. मलाही आनंद होतो. मग मी विचारते, "कॉइलला वेटोळी किती?"

"पाच, मॅडम."

"कॉइलची लांबी किती? कशावर गुंडाळलीस?"

मुलगा कॉइलकडे बघतो, मग सरांकडे. तार कुठल्या गेजची, तर दुकानदाराने दिली ती. आज स्टेशन कितीवर लागलं आणि काल कितीवर लागलं होतं, हे कुठेच टिपलेलं नसतं. फाइल मात्र असते, जाडजूड. तिच्यात मार्कोनीचं चरित्र असतं, रेडिओचे फायदे-तोटे असतात, आभारप्रदर्शन असतं. त्या मुलाने स्वतः केलेलं एकही मोजमाप त्या फाइलीत सापडत नाही.

शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मी शिल्प निदेशक होते. आधी रेडिओ-टीव्ही मेकॅनिकचा ट्रेड शिकवला, नंतर तोच इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक झाला. त्या अनुभवावरून एक मागणी करते आहे. ट्रान्समीटर वाजला म्हणजे प्रकल्प पूर्ण झाला, असं मानणं आपण बंद करावं. एका शाळेची वही दुसऱ्या शाळेच्या हाती द्यावी. त्या वहीवरून, मूळ मुलाला काहीही न विचारता, तसाच सेट उभा राहिला आणि वहीत लिहिलेल्या फ्रिक्वेन्सीच्या आसपास लागला, तरच पहिलं बक्षीस द्यावं.

हे एफएम ट्रान्समीटरसाठीच इतक्या आग्रहाने का म्हणते? शंभर मेगाहर्ट्झच्या आसपास सर्किटचा कागद तुम्हाला निम्मीच गोष्ट सांगतो. उरलेली निम्मी प्रत्यक्ष बांधणीत असते, म्हणून.

एका ट्रान्झिस्टरच्या या सेटमध्ये फ्रिक्वेन्सी ठरते ती कॉइल आणि तिच्याशी समांतर जोडलेल्या, फिरवून बदलता येणाऱ्या कंडेन्सरवरून, म्हणजे ट्रिमरवरून. बावीस गेजची एनॅमलची तार घ्या, सहा मिलिमीटरच्या ड्रिल बिटाच्या दांड्यावर पाच वेटोळी गुंडाळा आणि कॉइल आठ मिलिमीटर लांब होईल इतकी ताणा. तिचं इंडक्टन्स साधारण ०.१ मायक्रोहेन्री भरतं. ट्रिमर आणि ट्रान्झिस्टरची स्वतःची कपॅसिटी मिळून २५ पिकोफॅरड धरली, तर हिशेबाने फ्रिक्वेन्सी येते शंभर मेगाहर्ट्झच्या किंचित वर. आता तीच कॉइल दाबून पाच मिलिमीटर करा. फ्रिक्वेन्सी ८६ च्या आसपास उतरते, म्हणजे एफएमच्या पट्ट्याबाहेरच. तीन मिलिमीटरच्या फरकात निम्म्याहून अधिक पट्टा ओलांडला जातो. ड्रिल बिटाऐवजी सात मिलिमीटर जाडीच्या पेन्सिलीवर गुंडाळली, तर अकरा मेगाहर्ट्झ खाली. हात जवळ नेल्याने एक पिकोफॅरड वाढला, तर दोन मेगाहर्ट्झ खाली. सर्किटच्या चित्रात यातलं काय दिसतं? कॉइलच्या जागी चार गोल आणि शेजारी लिहिलेलं 'पाच वेटोळी'.

म्हणूनच दहा मुलं एकच सर्किट बघून दहा सेट बांधतात आणि त्यातले सात लागत नाहीत. हताश होऊन मुलं म्हणतात, "मॅडम, सर्किट चुकीचं आहे." सर्किट बरोबर असतं. पण ज्याने ते पहिल्यांदा काढलं त्याने कॉइलची लांबी लिहिली नाही, सेट ब्रेडबोर्डवर होता की डाग दिलेल्या पीसीबीवर ते लिहिलं नाही. ब्रेडबोर्डच्या शेजारशेजारच्या पट्ट्यांमध्येच काही पिकोफॅरड दडलेले असतात. त्यावर चाललेला सेट पीसीबीवर नेला की स्टेशन जागा सोडतं. ट्रान्झिस्टरच्या पायांचं तेच. बीसी ५४७ ची सपाट बाजू आपल्याकडे धरली की डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम लागतो. पीएन २२२२ मध्ये तो नेमका उलटा. दुकानदार म्हणतो, "हा नाही, तो घ्या, सारखंच आहे," आणि तापकीर गल्लीतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून घरी पोचेपर्यंत तो बदल कोणाच्या लक्षातही राहत नाही.

आमच्या एका बॅचमधल्या मुलीने वहीत लिहिलं होतं, 'पंखा लावला की स्टेशन सरकतं.' या एका ओळीला मी फाइलीतल्या चाळीस पानांपेक्षा जास्त मानते. तिने ते पाहिलं, लिहिलं आणि मग शोधलं. वाऱ्याने मोकळी कॉइल थरथरत होती आणि ट्रान्झिस्टरही गार पडत होता. तिने कॉइलवर मेणबत्तीचं मेण ओतून ती बसवली आणि पुढच्या ओळीत नोंदवलं की मेण गोठल्यावर फ्रिक्वेन्सी थोडी खाली आली, ट्रिमर पुन्हा फिरवावा लागला. पुढच्या वर्षीच्या मुलांनी ती वही वाचून सेट बांधला तेव्हा मेण ओतायचं आधी आणि ट्रिमर लावायचा नंतर, हा क्रम त्यांना वेगळा सांगावा लागला नाही. त्यांनी त्याच वहीत भर घातली. बॅटरी ताजी असताना आणि उतरल्यावर स्टेशन कुठे कुठे लागतं, याचा तक्ता केला. बॅटरीचं व्होल्टेज उतरलं की ट्रान्झिस्टरच्या आतल्या जंक्शनची कपॅसिटी बदलते, आणि माईकचा आवाज फ्रिक्वेन्सी हलवतो तोही याच गुणामुळे. पुस्तकात एका परिच्छेदात येणारी ही गोष्ट त्या मुलांनी स्वतःच्या आकड्यांत पाहिली.

या नोंदींची गरज केवळ शिकण्यापुरती नाही. एफएमचा पट्टा १०८ मेगाहर्ट्झला संपतो आणि तिथूनच विमानांचा सुरू होतो. १०८ ते ११८ च्या दरम्यान विमानाला दिशा आणि धावपट्टी दाखवणाऱ्या यंत्रणा असतात, त्याच्या वर १३७ पर्यंत वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचं बोलणं. आता एक बारीक गोष्ट, जी शाळेच्या प्रदर्शनात मला आजवर कोणी सांगितली नाही. जुन्या पद्धतीचा रेडिओ आलेल्या लहरीत स्वतःची एक लहर मिसळतो आणि त्यांतला १०.७ मेगाहर्ट्झचा फरक पकडतो. काटा ८८ वर असला की रेडिओची स्वतःची लहर ९८.७ वर असते. पण १०९.४ वरच्या लहरीचाही तिच्याशी फरक तितकाच, १०.७. जवळचा जोरकस सेट असेल तर तो ८८ वर ऐकू येतो आणि प्रत्यक्षात १०९.४ वर, विमानांच्या पट्ट्यात, बोलत असतो. मुलगा मनापासून सांगतो की माझं स्टेशन ८८ वर आहे. दुसऱ्या रेडिओवर, किंवा संगणकाला लावायच्या एसडीआर डोंगलवर, पडताळून पाहिल्याशिवाय आणि ते वहीत लिहिल्याशिवाय त्या ८८ ला अर्थ नाही.

एका ट्रान्झिस्टरच्या, अँटेना नसलेल्या, खोलीतल्या खोलीत ऐकू येणाऱ्या सेटने आकाशातलं विमान भरकटत नाही, हे खरं. पण मुलं तिथे थांबत नाहीत. आवाज अंगणापर्यंत गेला की त्यांना गल्लीपर्यंत न्यायचा असतो. व्हिडिओ बघून ती दुसरा ट्रान्झिस्टर जोडतात, गच्चीवर पाऊण मीटरची तार उभी करतात. बिहारच्या वैशाली जिल्ह्यातल्या मन्सूरपूरची गोष्ट मला मुलांनीच किती वेळा ऐकवली आहे. तिथल्या एका तरुण मेकॅनिकने पन्नास रुपयांत ट्रान्समीटर बनवून गावासाठी स्टेशन चालवलं. गाव त्यावर जीव टाकत होतं. २००६ मध्ये परवाना नाही म्हणून ते बंद झालं. मुलं गोष्टीचा पूर्वार्ध सांगतात, उत्तरार्ध मला सांगावा लागतो. १८८५ चा तार कायदा, १९३३ चा वायरलेस कायदा आणि त्यांची जागा घेण्यासाठी २०२३ मध्ये संसदेने मंजूर केलेला दूरसंचार कायदा, तिघांचंही म्हणणं एकच आहे: सरकारच्या परवानगीविना प्रक्षेपण करायचं नाही.

मला हा कायदा जाचक वाटत नाही. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणाच्या खटल्यात रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असल्याचं सांगितलं. तो निकाल लिहिणाऱ्यांत आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. लहरी सगळ्यांच्या आहेत, म्हणून त्यांवर सरकारची मक्तेदारी नको आणि कोणाची मनमानीही नको, हा त्या निकालाचा आशय. त्यातूनच पुढे शिक्षणसंस्थांना आणि २००६ पासून स्वयंसेवी संस्थांना सामुदायिक रेडिओची दारं उघडली. म्हसवडला माणदेशी तरंग उभं राहिलं, तेलंगणात माचनूरच्या दलित स्त्रियांनी संगम रेडिओ चालवून दाखवला. ज्याला बोलायचं आहे त्याच्यासाठी परवान्याची वाट आहे, शंभर वॅटपर्यंतची. ज्याला सेट बांधायचा आहे त्याच्यासाठी हॅम, म्हणजे हौशी, रेडिओची परीक्षा आहे, ती बारा वर्षांच्या मुलालाही देता येते. उत्तीर्ण झालं की व्हीयू ३ किंवा व्हीयू २ ने सुरू होणारा स्वतःचा कॉल साइन मिळतो आणि ठरवून दिलेल्या पट्ट्यांत स्वतः बनवलेला ट्रान्समीटर चालवता येतो. हॅमने लॉगबुक ठेवायचं असतं, तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सीसकट. मी ज्या सवयीची मागणी करते आहे ती या छंदाच्या मुळातच आहे.

शाळेच्या टेबलावरच्या सेटसाठी मात्र शिक्षकांना साध्या मराठीत, एका पानात, सांगितलं गेलं पाहिजे की किती शक्तीपर्यंतचा प्रयोग वर्गात चालतो आणि त्यापुढे काय लागतं. अमेरिकेत या पट्ट्यात विनापरवाना सेटची मर्यादा आकड्यात सांगितली आहे: तीन मीटरवर २५० मायक्रोव्होल्ट प्रति मीटर. ब्रिटनने २००६ मध्ये गाडीत गाणी ऐकायच्या छोट्या ट्रान्समीटरना ५० नॅनोवॅटपर्यंत मोकळीक दिली. आपला एका ट्रान्झिस्टरचा सेट पाच मिलिवॅट बाहेर टाकत असेल, तर ते त्याच्या एक लाख पट झालं. हे गणित कळलेलं मूल अँटेनाची तार आपणहून काढून ठेवतं आणि तिच्या जागी शंभर ओहमचे दोन रेझिस्टन्स समांतर लावून, लोखंडी डब्यात सेट ठेवून, बाकीचं सगळं शिकतं. दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेने असं पान काढावं आणि शिक्षण विभागाने ते प्रत्येक प्रयोगशाळेत लावावं. खर्च काहीच नाही.

नोंदीचं मोल एफएमचा जनक एडविन आर्मस्ट्राँग याच्याइतकं महाग कोणालाच पडलं नसेल. एफएमच्या आधी त्याने रिजनरेशनचं सर्किट शोधलं होतं. विद्यार्थी होता, पेटंटला पैसे नव्हते, म्हणून ३१ जानेवारी १९१३ ला त्याने सर्किटचा नकाशा नोटरीसमोर सही करून ठेवला. ली डी फॉरेस्टने पुढे दावा लावला तेव्हा डी फॉरेस्टच्या बाजूने उभी राहिली त्याच्याच प्रयोगशाळेतली ६ ऑगस्ट १९१२ ची एक वही. सर्किट जोडल्यावर शिट्टीसारखा आवाज आला, एवढंच तिच्यात टिपलेलं. वर्षानुवर्षं खटला चालला आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात डी फॉरेस्ट जिंकला. रेडिओ इंजिनिअरांना हे पटलं नाही. आर्मस्ट्राँग आपलं सन्मानपदक परत करायला गेला, तर त्यांच्या संस्थेने ते घेतलं नाही. कारण सर्किट का चालतं हे त्याने समजून, वक्ररेषा काढून, लिहून प्रसिद्ध केलं होतं. मग १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या इंजिनिअरांसमोर त्याने एफएम ऐकवलं आणि त्यावरचा निबंध १९३६ मध्ये छापला. विजा कडाडल्या तरी रेडिओ खरखरत का नाही, हे समजून घ्यायला आजही त्या निबंधाकडे जाता येतं. मी मुलांना दोन्ही सांगते. तारीख घाला, कारण ती नसेल तर तुमचं काम तुमचं ठरत नाही. आणि आवाज आला एवढ्यावर थांबू नका, का आला ते लिहा.

आपल्याकडे याची दुसरी बाजू आहे. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस रेडिओ सुरू केला. एफएम नव्हे, शॉर्टवेव्ह. जागा बदलत बदलत ते स्टेशन नोव्हेंबरपर्यंत चाललं आणि गिरगावातल्या पारेख वाडीत पोलिसांनी ते पकडलं. त्या सेटविषयी आज जे कळतं त्यातलं बरंचसं पोलिसांच्या अहवालांतून आणि खटल्याच्या कागदांतून. त्या मंडळींना सर्किट लिहून ठेवणं म्हणजे फिर्यादीच्या हाती पुरावा देणं होतं. त्यांना लिहिता येत नव्हतं. आज वर्गात बसून, दरवाजा उघडा ठेवून सेट बांधणाऱ्या मुलाला कोणती भीती आहे? त्याने लिहिलं नाही, तर ते केवळ आम्ही शिक्षकांनी मागितलं नाही म्हणून.

मागितलं आणि दाखवलं की काय होतं, ते जपानच्या तेत्सुओ कोगावा यांच्याकडे बघावं. १९८० च्या दशकात टोकियोत त्यांनी मिनी-एफएमची चळवळ उभी केली. जपानच्या कायद्यात अगदी क्षीण लहरींना मोकळीक होती, तिच्यात बसेल असा एका ट्रान्झिस्टरचा सेट त्यांनी निवडला. मग तो लोकांसमोर बसून बांधायला सुरुवात केली. तांब्याच्या पत्र्याचे तुकडे कापून, चिकटवून त्यांवर डाग द्यायचे, म्हणजे ड्रिल नको, छापील बोर्डही नको. प्रत्येक भागाचं मूल्य, जागा, क्रम त्यांनी चित्रांनिशी मांडला. ज्यांनी कधी सोल्डरिंग आयर्न धरली नव्हती अशा कलावंतांनी, विद्यार्थ्यांनी वेगवेगळ्या देशांत तो बांधला.

मराठीत असं एकही पान मला मुलांच्या हाती द्यायला सापडत नाही, याची मला खंत आहे. इंग्रजी व्हिडिओ रग्गड आहेत, हिंदीही. पण व्हिडिओत कॉइल ताणताना बोटं दिसतात, मिलिमीटर दिसत नाहीत. आणि आमच्या भागातला मुलगा दुकानात 'रेझिस्टन्स', 'कंडेन्सर', 'बावीस गेजची एनॅमल' असं मागतो. त्याला त्याच शब्दांत लिहिलेली कृती हवी. १०३ छापलेला डिस्क कंडेन्सर म्हणजे दहा हजार पिकोफॅरड, हे मराठीत एका ओळीत सांगितलं तर त्याचा एक आठवडा वाचतो.

"आता एफएम कोण ऐकतं, नॉर्वेने तर २०१७ मध्ये देशव्यापी एफएम बंदच केलं," असं मला एका तरुण शिक्षकाने सांगितलं. असेल. पण ज्या मुलाने तीन मिलिमीटरने स्टेशन सरकताना पाहिलं आहे त्याला मोबाइलचा अँटेना, ब्लूटूथचं मॉड्यूल, सर्किट बोर्डावरच्या पट्टीची रुंदी, हे सगळं आतून समजतं. इतक्या कमी पैशांत, बॅटरी धरूनही दोनशे रुपयांच्या आत, हे शिकवणारा दुसरा प्रयोग मला माहीत नाही.

दुसरी हरकत वेळेची असते. पोर्शन पुरा होत नाही, त्यात वह्या कोण तपासणार? पण तपासायचंच नाही. बांधून बघायचं आहे, आणि ते दुसरी मुलं करणार आहेत. डिसेंबरात प्रदर्शन असेल तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला दोन शाळांनी वह्यांची अदलाबदल करावी. वहीत भागांची यादी दुकानातल्या नावांनी, ट्रान्झिस्टरचे पाय दाखवणारं हाताने काढलेलं चित्र, तारेची जाडी गेजमध्ये आणि मिलिमीटरमध्येही, कॉइल कशावर गुंडाळली आणि ताणल्यावर किती लांब झाली, शेजारी पट्टी ठेवून वरून काढलेला फोटो. चालू केल्यावर लगेच, पाच मिनिटांनी आणि अर्ध्या तासाने स्टेशन कुठे लागलं. बॅटरीतून किती मिलिअँपिअर जातात. कुठल्या दोन रेडिओंवर पडताळलं. आणि जे चाललं नाही तेही, तारखेसकट. दुसऱ्या शाळेने बांधताना जिथे अडलं तिथे समासात लाल पेनने खूण करावी. प्रदर्शनाच्या टेबलावर दोन्ही सेट आणि ती खुणा केलेली वही ठेवावी. शंभरातले चाळीस गुण दुसऱ्या सेटचे.

यंदा आमच्या तालुक्यातल्या दोन शाळांचे विज्ञान शिक्षक याला तयार झाले आहेत. सुट्या भागांचा खर्च आणि एक एसडीआर डोंगल माझ्याकडून. इतर तालुक्यांतल्या निवृत्त निदेशकांनी, रेडिओ दुरुस्तीची दुकानं चालवलेल्या जुन्या मेकॅनिकांनी, हॅम मंडळींनी आपल्या जवळच्या एका शाळेसाठी एवढं केलं, तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत सगळ्या वह्या एकत्र करून मराठीतली पहिली पडताळलेली कृती छापता येईल.